आपत्तीनंतरचं पुनर्वसन : या चुका टाळा

बचावकार्याचा आराखडा बहुतेक ठिकाणी असतो. पुढच्या दोन-तीन वर्षांचा नसतो. ‘ते नंतर बघू’ ही पहिली चूक, कारण नंतर माणसं थकलेली असतात आणि निर्णय घाईत उरकले जातात. राडारोडा कुठे टाकायचा, तात्पुरत्या निवाऱ्यांना कोणती जागा, मदतनिधीच्या खात्यावर सह्या कोणाच्या, एवढं तरी आधी ठरवून ठेवा.

सगळ्यात महागात पडतं ते शेजार मोडणं. जपानमधल्या कोबे शहरात १९९५ साली झालेल्या भूकंपानंतर तात्पुरती घरं सोडत काढून दिली गेली, वृद्ध आणि अपंगांना प्राधान्यही मिळालं. कागदावर याहून न्याय्य काय असणार? पण ओळखीची माणसं पांगली. एकटे राहणारे कित्येक वृद्ध बंद दाराआड मरण पावले आणि ते कळायलाही वेळ लागला. म्हणून शक्यतो अख्खी गल्ली एकत्र हलवा. वाटप होऊन गेलं असेल, तर आपसात घरं बदलू द्या, सगळ्यांना बसायला एक खोली काढा आणि एकट्या माणसांकडे रोज कुणीतरी डोकावेल असं बघा.

नुकसानीचा पंचनामा घराचा होतो, त्यात भाडेकरू हमखास सुटतात. यादी चारचौघांत लावा, हरकतींना मुदत द्या. कागदपत्रं वाहून गेलेल्यांसाठी शेजाऱ्यांची साक्ष ग्राह्य धरायचा नियम आधीच करून घ्या.

साथीच्या भीतीनं मृतदेह ओळख न पटवताच सामूहिक खड्ड्यात पुरले जातात. ही भीती बहुतांशी निराधार आहे. जखमांनी किंवा बुडून गेलेल्यांच्या देहांमुळे सहसा साथ पसरत नाही. उलट ओळख न पटल्यानं मृत्यूचा दाखला अडतो आणि त्यापायी भरपाई, वारसाहक्क सगळंच रखडतं. प्रत्येक देहाला क्रमांक द्या, फोटो काढा, दफनाची जागा नोंदवा.

घरं ठेकेदाराकडून एकसाची बांधून घेण्याचा मोहही टाळावा. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये असंख्य कुटुंबांनी आपली घरं स्वतःच उभारली. पैसे हप्त्यांनी मिळत होते आणि पुढच्या हप्त्याआधी अभियंता काम तपासत होता. ही पद्धत चांगलीच, पण तपासणारे कमी पडले की बांधकामं अर्धवट लटकतात. तसं झालं, तर निकष ढिले करू नका, तपासनीस वाढवा.