परिपत्रक निघालं, पण विद्यार्थ्याला काय कळलं? विद्यापीठं आणि महाविद्यालयांनी या चुका टाळाव्यात

आपल्याकडे एका विद्यापीठाच्या अखत्यारीत दोन-तीन जिल्हे सहज येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक. जळगावच्या विद्यापीठाकडे जळगाव, धुळे आणि नंदुरबार. गोंडवाना विद्यापीठाकडे गडचिरोली आणि चंद्रपूर. नंदुरबारमधल्या अक्कलकुव्यात किंवा गडचिरोलीतल्या भामरागडला शिकणाऱ्या कित्येक मुलांनी विद्यापीठाची इमारत कधी पाहिलेलीही नसते. त्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे हॉल तिकीट, निकाल आणि अधूनमधून मोबाइलवर येणारी एक पीडीएफ. त्या पीडीएफमधून नेमकं काय करायचं ते समजलं नाही, तर सत्र हातचं जातं, कधी कधी अख्खं वर्ष. म्हणूनच सूचना नीट पोहोचवणं हे पेपर तपासण्याइतकंच महत्त्वाचं शैक्षणिक काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुढे ज्या चुका मांडल्या आहेत त्या थोड्याफार फरकाने बहुतेक संस्थांमध्ये दिसतात. त्यातल्या बऱ्याचशा सुधारायला ना निधी लागतो, ना व्यवस्थापन परिषदेची मंजुरी.

पत्र प्राचार्यांच्या नावे, काम मात्र विद्यार्थ्याचं

परीक्षा विभागाचं नेहमीचं पत्र साधारण असं असतं: ‘उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संलग्नित महाविद्यालयांच्या मा. प्राचार्यांना कळविण्यात येते की, संदर्भ क्र. २ अन्वये निर्गमित परिपत्रकातील मुदतीस या पत्रान्वये वाढ देण्यात येत असून, सदर बाब सर्व संबंधित विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणून द्यावी.’ खाली सही, शिक्का, आणि मग ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून आठ-दहा जणांची यादी.

हे पत्र कुलसचिव किंवा परीक्षा संचालकांकडून प्राचार्यांकडे जातं, तिथून कार्यालयीन अधीक्षकांकडे, मग लिपिकाकडे, मग सूचनाफलकावर. त्याच दरम्यान कुणीतरी त्याचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. एटीकेटी असलेला, म्हणजे मागच्या सत्राचे विषय राहिलेला, विद्यार्थी ते उघडतो आणि त्याला काहीही हाती लागत नाही. संदर्भ क्रमांक २ म्हणजे काय, ते त्याच्याजवळ नाही. वाढ कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या सत्राला, विलंब शुल्कासह की त्याशिवाय, काहीच कळत नाही.

त्याच्या मनात चारच प्रश्न असतात. हे मला लागू आहे का? मी काय करायचं? कधीपर्यंत? अडलं तर कुणाला विचारायचं? त्याच पत्रासोबत अर्ध्या पानाची वेगळी सूचना अशी जोडता येते: ‘बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी.च्या तिसऱ्या सत्राचे परीक्षा अर्ज आता शुक्रवार, १८ तारखेच्या संध्याकाळी ५ वाजेपर्यंत भरता येतील. एटीकेटीच्या विद्यार्थ्यांनाही ही मुदत लागू आहे. विलंब शुल्क नाही. ज्यांनी अर्ज भरला आहे त्यांनी पुन्हा भरू नये. पैसे कापले गेले पण पावती आली नसेल, तर दुसऱ्यांदा पैसे भरू नका. महाविद्यालयाच्या परीक्षा खिडकीवर व्यवहार क्रमांक घेऊन या.’

शेवटच्या दोन वाक्यांकडे खास लक्ष द्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी खिडकीसमोर लागणारी निम्मी रांग पावती न आलेल्यांची असते. हा अनुभव प्रत्येक परीक्षा लिपिकाला आहे, तरी पत्राचा मसुदा करताना त्याला कुणी विचारत नाही. कार्यालयीन नोंदीसाठी जुन्या वळणाचं पत्र ठेवायला हरकत नाही. पण विद्यार्थ्याची सूचना स्वतंत्र असावी, आणि ती विद्यापीठानेच लिहावी. दोनशे महाविद्यालयांनी आपापल्या परीने अर्थ लावला, की दोनशे वेगळ्या सूचना तयार होतात.

आणखी एक तांत्रिक बाब. अजूनही अनेक कार्यालयांत मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतो, त्याची प्रिंट काढली जाते, सही होते आणि ती वाकडीतिकडी स्कॅन करून संकेतस्थळावर चढते. असं पान शोधलं तरी सापडत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही आणि दृष्टिबाधित विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर त्यापुढे हतबल होतं. युनिकोडमध्ये टाइप केलेली मूळ पीडीएफ चढवा. फाइलचं नावही ‘स्कॅन००४५’ असं ठेवू नका. विषय आणि तारीख येईल असं ठेवा.

नवीन तारीख आली, जुनं पत्र तिथेच

वेळापत्रक येतं, मग सुधारित वेळापत्रक, मग शुद्धिपत्रक, मग पावसामुळे पुढे ढकललेला एक पेपर. चारही पत्रं संकेतस्थळावर एकाखाली एक पडून असतात. विद्यार्थी त्यातलं जे आधी सापडेल ते खरं धरतो. बदल झाला की जुन्या फाइलवर ‘रद्द’ असा ठळक शेरा मारा, किंवा एकच कायमचा दुवा ठेवून त्यावर नेहमी चालू वेळापत्रकच दिसेल असं करा. बदललेला पेपर आणि न बदललेले पेपर, दोन्ही लिहा. ‘उर्वरित परीक्षा नियोजित वेळेनुसार’ हे वाक्य विसरलं, की संध्याकाळपर्यंत फोन थांबत नाहीत.

मुंबई-ठाण्यात किंवा कोकणात जुलैच्या पावसात पेपर पुढे ढकलायचा निर्णय सकाळी आठ वाजता घेऊन उपयोग नसतो. कर्जत-कसाऱ्याची मुलं सहाच्या आधीच लोकलमध्ये बसलेली असतात. अशा दिवसांत निर्णय किती वाजेपर्यंत कळेल, ती वेळ आधीच जाहीर करून ठेवावी आणि पाळावी.

निकाल रखडला की गप्प बसणं, किंवा हमखास चुकणारी तारीख देणं

या विषयात २०१७ चा उन्हाळा विसरून चालणार नाही. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत एकदम सगळ्या शाखांना लावली. लाखो उत्तरपत्रिका, प्रशिक्षण अपुरं, यंत्रणा धापा टाकत होती. कुलपती म्हणून राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती हुकली. त्यानंतर जाहीर झालेल्या तारखाही एकामागून एक हुकल्या. पदव्युत्तर प्रवेश, परदेशातली विद्यापीठं, हातात आलेल्या नोकऱ्या, सगळं टांगणीला लागलं. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

तांत्रिक गोंधळ झाला, तो होऊ शकतो. पण विद्यार्थ्यांचा विश्वास उडाला तो हुकलेल्या तारखांमुळे. पहिल्यांदा तारीख चुकली तर मुलं थांबतात, दुसऱ्यांदा चिडतात, तिसऱ्यांदा खरी तारीख सांगितली तरी मानत नाहीत.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आहे आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत तो लावायचा आहे. हे बहुतेक विद्यार्थ्यांना माहीत असतं. म्हणजे एकतिसाव्या दिवशी शांत बसलात, तर त्या शांततेचा अर्थ ते स्वतःच लावणार.

अशा वेळी तारखेऐवजी कामाची स्थिती सांगा. कोणत्या अभ्यासक्रमाचे किती पेपर तपासून झाले, किती मॉडरेशनला, म्हणजे फेरतपासणीला, आहेत, पुढची माहिती कोणत्या दिवशी मिळेल. सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी त्या दिवशी ‘काल आणि आज इतकं काम झालं’ एवढं तरी लिहा. आणि ज्यांचं नुकसान रोजच्या हिशेबाने वाढतंय त्यांच्यासाठी वेगळी वाट ठेवा. परदेशी प्रवेश किंवा नोकरीत रुजू होण्यासाठी गोपनीय निकालाचं पत्र, म्हणजे निकाल जाहीर होण्याआधी त्या संस्थेला कळवलं जाणारं पत्र, मिळत असेल, तर ते कुठे, कोणत्या कागदपत्रांवर, किती दिवसांत मिळतं, हे पहिल्याच सूचनेत यायला हवं. आज ते ज्याची ओळख आहे त्यालाच कळतं, आणि हे फार अन्यायाचं आहे.

गुणपत्रिकेवर नुसतं ‘निकाल राखीव’ लिहिणं हीसुद्धा याच जातीची चूक. अंतर्गत गुण आले नाहीत, पात्रता प्रमाणपत्र बाकी आहे की शुल्क थकलंय, कारण त्याच पानावर दिसलं तर मुलगी एसटीने विद्यापीठात येऊन चार टेबलांवर फिरणार नाही.

उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन मागण्याची मुदत निकालाच्या दिवसापासून सुरू होते. निकालाच्या रात्री संकेतस्थळ बंद पडलं असेल, तर तितके दिवस मुदत आपणहून वाढवा. विद्यार्थी संघटना निवेदन घेऊन येईपर्यंत थांबू नका.

एकाच प्रश्नाची तीन उत्तरं

२०२० मध्ये करोनाच्या साथीत अंतिम वर्षाच्या परीक्षांचं काय झालं ते आठवा. मे महिन्याच्या अखेरीस राज्य सरकारने आधीच्या सत्रांच्या गुणांच्या सरासरीवर निकाल लावण्याची भूमिका घेतली, राज्यपालांनी आक्षेप घेतला, ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेर परीक्षा घेण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निकाल दिला. तोवर तीन महिने गेले होते. अभ्यास करायचा की नोकरी शोधायची, हे मुलांना ठरवता येत नव्हतं.

तो वाद विद्यापीठांच्या हातातला नव्हता, हे मान्य. पण त्यांच्या हातात एक गोष्ट होती: काय ठरलंय, काय ठरायचंय आणि ते कोण ठरवणार आहे, हे दर आठवड्याला एका पानावर मांडणं. वरच्या पातळीवर निर्णय अडकलेला असताना ‘अद्याप आदेश प्राप्त नाहीत’ एवढंच म्हणून थांबू नये. अभ्यासक्रम तोच राहणार आहे का, अंतर्गत गुण ग्राह्य धरणार का, या गोष्टी विद्यापीठ स्वतःच सांगू शकतं.

नवीन शैक्षणिक धोरणाबाबत आज थोडंफार तेच घडतंय. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट, एबीसी आयडी (मिळवलेली क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक) या सगळ्यांची यादी प्रवेशाच्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हातात पडते. त्याला विचारायचं असतं की मायनर इतिहास घेतला तर एम.ए. इतिहासाला चालेल का, आणि एका वर्षानंतर घरच्या अडचणीमुळे थांबलो तर प्रमाणपत्र मिळेल का. विभागप्रमुख एक सांगतात, कार्यालय दुसरं. अशा वीस-पंचवीस प्रश्नांची लेखी, तारखेसह उत्तरं विद्यापीठाने मराठीत काढावीत. प्राध्यापकांनीही तोंडी उत्तर देण्याऐवजी त्या पानाकडे बोट दाखवावं.

‘मोफत’ एवढंच सांगून मोकळं होणं

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के लाभ मिळाला. अतिशय मोलाचा निर्णय. पण गावात बातमी पोहोचली ती ‘मुलींचं शिक्षण मोफत’ एवढीच. प्रवेशाच्या खिडकीवर विकास शुल्क, वसतिगृह आणि मेसचे पैसे सांगितले की वडिलांना वाटतं, आपल्याला फसवतायत. दुसऱ्या बाजूला, खरोखर माफ असलेलं शिक्षण शुल्कसुद्धा ‘आधी भरा, नंतर परत मिळेल’ म्हणून मागितल्याच्या तक्रारी त्या वर्षी राज्यभरातून आल्या. पैसे जमले नाहीत म्हणून मुलगी परत जाते, आणि तिची नोंद कुठेच होत नाही.

उपाय साधा आहे. प्रवेशाच्या टेबलावर एक तक्ता लावा. डाव्या बाजूला शुल्काचा प्रकार, मध्ये रक्कम, उजवीकडे ‘भरायचं नाही’ किंवा ‘भरायचं आहे’. खाली लिहा की लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना आहे, संस्थास्तरावरच्या जागांना नाही. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज कधी करायचा. कोणता दाखला अजून नसेल तर काय. शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीखही छापा, म्हणजे पालकाला तो पडताळून पाहता येईल.

अफवेला उशिरा उत्तर

खोटं परिपत्रक फिरू लागलं की ‘विद्यार्थ्यांनी अफवांवर विश्वास ठेवू नये’ एवढं लिहून भागत नाही. कोणती अफवा, हे सांगायला हवं. त्या बनावट पत्राच्या चित्रावर आडवा ‘खोटे’ असा शेरा मारून तेच पुन्हा ग्रुपवर सोडा, सोबत खरी माहिती द्या. प्रत्येक खऱ्या परिपत्रकावर क्यूआर कोड असला आणि तो संकेतस्थळावरच्या त्याच पानावर नेत असला, तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

तक्रार घेतली, पुढे काहीच नाही

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिचा अहवाल शक्यतो १५ कार्यालयीन दिवसांत यायला हवा आणि तो मान्य नसेल तर विद्यार्थ्याला १५ दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. किती महाविद्यालयांच्या प्रवेशद्वाराशी हे लिहिलेलं दिसतं? समिती कागदावर असते, तिची नावं माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर असतात, आणि विद्यार्थी समाजमाध्यमांवर लिहितो. मग संस्थेला वाईट वाटतं की आधी आमच्याकडे का नाही आला.

तक्रार आली की त्याच दिवशी क्रमांक द्या. कोण पाहणार आणि कधीपर्यंत कळेल, हे सांगा. मागणी मान्य होणार नसेल तर कोणत्या नियमाने, तेही लिहा. नकार कारणासह मिळाला तर बहुतेक मुलं तो समजून घेतात. रॅगिंगसाठीचा १८००-१८०-५५२२ आणि मानसिक आधारासाठीचा टेलि-मानसचा १४४१६, हे दोन क्रमांक मात्र वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर हवेत. तिथे समितीच्या बैठकीची वाट पाहता येत नाही.

खिडकीवरच्या माणसाला सगळ्यात शेवटी कळणं

ही चूक सगळ्यात कमी बोलली जाते. निर्णय विद्यापरिषदेत होतो, बातमी वर्तमानपत्रात येते, सकाळी दहाला विद्यार्थी रांगेत उभे असतात, आणि खिडकीमागचे लिपिक, फोन उचलणाऱ्या ताई, गेटवरचे शिपाईकाका यांना काहीच माहीत नसतं. ते ‘आमच्याकडे अजून काही आलेलं नाही’ म्हणतात, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठ खोटं पडतं. कुठलीही सूचना बाहेर सोडण्याच्या तासभर आधी या लोकांना पाच ओळींत द्या: काय बदललं, कुणासाठी, काय उत्तर द्यायचं. आणि दिवसाच्या शेवटी त्यांना विचारा की आज कोणता प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला. तो प्रश्न ज्या सूचनेतून निघाला, तिच्यात दुसऱ्या दिवशी एक ओळ वाढवा.