दोन ग्राफिक्स कार्डं लावताय? या चुका टाळा

जुनं कार्ड पडून आहे, मदरबोर्डवर लांब स्लॉट रिकामा आहे, मग लावून टाकू, गेम दुप्पट पळेल! सगळ्यात महागडी चूक हीच. एनव्हीडियाने दोन कार्डं जोडून एकच गेम पळवण्याचं तंत्र, म्हणजे एसएलआय, २००४ मध्ये आणलं तेव्हा या आशेला आधार होता. पण १ जानेवारी २०२१ पासून कंपनीने ड्रायव्हरमध्ये नवे एसएलआय प्रोफाइल (एकेका गेमसाठीच्या एसएलआय सेटिंग) देणं थांबवलं आणि आरटीएक्स ४० मालिकेच्या कार्डांवर तर जोडणीचा कनेक्टरच नाही. आजचे बहुतेक गेम दुसऱ्या कार्डाकडे बघतही नाहीत. गेमसाठीच हवं असेल तर जुनं विका, पैसे घाला आणि एकच मोठं कार्ड घ्या.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडरिंग (सीनचं अंतिम चित्र तयार करणं) किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवणं, अशा कामांना मात्र दोन कार्डांचा खरा उपयोग होतो. तिथे घोटाळा होतो तो मेमरीच्या हिशेबात. १२ जीबीची दोन कार्डं म्हणजे २४ जीबी, असं ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये सहसा धरता येत नाही, कारण अख्ख्या सीनची प्रत प्रत्येक कार्डावर जाते. एक कार्ड ८ जीबीचं असेल तर मोठ्या सीनला तेच आधी दम तोडतं. भाषा-मॉडेलचं वेगळं. त्याचे थर दोन्ही कार्डांत वाटता येतात, म्हणून एका कार्डात न मावणारं मॉडेल चालतं. मात्र अशा वाटणीत कार्डं आळीपाळीने काम करतात, त्यामुळे वेग दुप्पट होत नाही.

आता स्लॉट. माझ्याकडे दुसरं कार्ड दोन दिवस दिसतच नव्हतं. ड्रायव्हर तीनदा काढून घातला, कार्डच खराब आलं म्हणून हळहळलो. कारण निघालं खालच्या एम.२ स्लॉटमधली एसएसडी! त्या बोर्डावर एसएसडी आणि दुसरा स्लॉट त्याच लेन (डेटा ये-जा करण्याच्या वाटा) वाटून घेतात, आणि ही गोष्ट मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात छापलेली होती. तेवढं पान खरेदीआधीच वाचा. स्लॉटची लांबीही फसवते. लांबीला एक्स१६ (सोळा लेनच्या) दिसणाऱ्या दुसऱ्या स्लॉटला बऱ्याच बोर्डांवर चारच लेन असतात. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये खरा आकडा दिसतो, पण तो कार्डावर भार देऊन बघा, कारण रिकामं बसलेलं कार्ड वीज वाचवायला जोडणीचा वेग उतरवतं.

कार्ड दिसतंय पण विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर 'कोड १२' ही त्रुटी दाखवतोय? मग बायोसमध्ये 'अबव्ह ४जी डिकोडिंग' ही सेटिंग चालू करून बघा. काहीच दिसत नसेल तर दुसरं कार्ड एकटंच पहिल्या स्लॉटमध्ये लावा. तिथे चाललं तर कार्ड निर्दोष आहे, दोष स्लॉटचा किंवा सेटिंगचा.

विजेच्या बाबतीत मात्र मी कुणालाही जुगाड करू देणार नाही. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ८ पिनच्या जोडणीतून १५०. साटाचा (हार्डडिस्कला वीज देणारा) कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटचाच असतो. त्याला अडॅप्टर लावून कार्ड चालवलं की प्लॅस्टिक वितळण्याची भीती. त्याहून घातक म्हणजे दुसऱ्या एसएमपीएसची (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची) केबल. कार्डाकडचं टोक सारखं दिसतं, पण एसएमपीएसकडच्या पिनांची रचना कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलते. चुकीची केबल लावली तर कार्ड कायमचं जातं. प्रत्येक कार्डाला त्याच एसएमपीएससोबत आलेली स्वतंत्र केबल द्या.

आणि यूपीएस! आपल्याकडे घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. दोन आरटीएक्स ३०६० मिळूनच ३४० वॅट होतात, प्रोसेसर वेगळा. रेंडर चालू असताना लाइट गेली की मशीन तिथेच बंद.

उष्णतेचा मार बसतो वरच्या कार्डाला, कारण त्याचा पंखा खालच्या कार्डाच्या पाठीवरची गरम हवा ओढतो. मध्ये निदान एक स्लॉट मोकळा सोडा. तेवढी जागा नसेल तर एनव्हीडिया-एसएमआय या ड्रायव्हरसोबत येणाऱ्या कमांडने वीजमर्यादा उतरवा. ३०६० मी १७० वरून १३० वॅटवर आणतो. तापमान लक्षात येण्याइतकं उतरतं, कामाचा वेग त्यामानाने थोडाच कमी होतो. मशीन रीस्टार्ट केलं की ही मर्यादा पुसली जाते, तेव्हा ती परत लावायला विसरू नका. कार्डं वेगवेगळी असतील तर क्रमांकही तपासून घ्या. एनव्हीडिया-एसएमआय स्लॉटच्या क्रमाने मोजतं, कुडा (ज्याच्या आधारे प्रोग्राम एनव्हीडियाच्या कार्डावर काम चालवतात) मात्र सर्वांत वेगवान कार्डाला शून्य म्हणतं. त्यामुळे एकाची मर्यादा उतरवायची आणि काम दुसऱ्याच कार्डावर चालू, असं सहज होतं.