गटारीची बॅच ओल्या तुसात जाते

गटारीला भाव मिळतो म्हणून मुरबाड-शहापूरकडे सगळेच मागचे 40-42 दिवस मोजून ब्रॉयलर पिल्लं टाकतात, आणि दरवर्षी दोन-चार शेड तरी जमिनीवर अंथरलेल्या ओल्या तुसापायी बसतात. आडवा पाऊस लागला की ताडपत्री वरपासून खालपर्यंत आवळायची आणि सकाळपर्यंत सोडायची नाही, इथेच चुकतं. आत हवा कोंडते, तूस घामेजतो, मग रक्ती हगवण.

ताडपत्री खालून वर बांधा, वरती हातभर फट राहू द्या. रोज मूठभर तूस दाबून बघा, लाडू झाला तर ओला, मोकळा सुटला तर बरा. अमोनियाचा वास उभ्याने घेऊ नका, कोंबडीच्या उंचीला उकिडवं बसा, तुमचे डोळे चुरचुरले तर तिचे कधीच चुरचुरायला लागलेत.

माझीच एक बॅच अशी गेली. एक ड्रिंकर (पाण्याचं भांडं) रात्रभर गळत होता, मी लग्नाला कल्याणला. तिसऱ्या दिवशी पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात आणि तुसावर लाल डाग. दुकानदाराने लिव्हर टॉनिक, मल्टिव्हिटॅमिन असं बरंच गळ्यात मारलं. डॉक्टर म्हणाले रक्ती हगवणीवर अँप्रोलियम द्या, 20 टक्केवाली पावडर लिटरला 0.6 ग्रॅम, 3 ते 5 दिवस, आणि ते व्हिटॅमिन आधी बंद करा, त्यातलं बी-1 औषधाचं काम मारतं! म्हणजे पैसे देऊन औषध वाया. तुमच्याकडे डोस मात्र आपल्या डॉक्टरला विचारूनच.

बाकीचं नेहमीचं:
- पिल्लू: बेंबी सुकलेली, डोळे टवटवीत, उताणं केलं की झटकन उठणारं
- जागा: पक्ष्याला 1 चौरस फूट
- ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारा): पहिला आठवडा 95 फॅरनहाइट, पुढे दर आठवड्याला 5 कमी
- लसी: लासोटा (राणीखेतवरची) 5-7 व्या दिवशी, गंबोरो 12-14 व्या
- मर एकदम वाढली तर लपवू नका, पशुसंवर्धनवाल्यांना कळवा, 2022 ला शहापुरात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता

गिरिराज, वनराज या जाती काटक खऱ्या पण वजनाला वेळ घेतात, गटारी धरायची तर ब्रॉयलरच. आणि माल गटारीच्या आत काढा, श्रावण लागला की भाव पडतो आणि पक्षी खातच राहतो.

परत तुसावर येतो. कोरडा तूस गिरणीतून मे महिन्यातच आणून चार-पाच गोणी माळ्यावर टाका, जुलैत मिळतो तो भिजलेलाच. ड्रिंकर पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा, खाली ओल्या तुसाची पापडी धरली की ती उचलून बाहेर, वरून नवा तूस टाकून झाकू नका. माझा अंदाज असा की आपल्याकडे पश्चिमेचा कोपरा आधी भिजतो, त्यामुळे रात्री दहाला बॅटरी घेऊन जाल तेव्हा पहिला हात तिथे घाला.