लिंगॉनचा कच्चा जॅम: स्वीडिश पद्धत, चुलीशिवाय

ऑगस्ट सरत आला की स्वीडनमधल्या पाइनच्या जंगलात लिंगॉनची बुटकी झुडपं लालभडक फळांनी भरून जातात. फळं मटाराएवढी, चवीला चांगलीच आंबट आणि मागे थोडी तुरट. तिथे 'आलेमान्सरेत्तेन' नावाचा सार्वजनिक हक्क आहे. जंगल दुसऱ्याच्या मालकीचं असलं तरी फळं वेचता येतात, फक्त कुणाच्या घराच्या आवारात शिरायचं नाही. नोकरीनिमित्त स्टॉकहोम-गोथेनबर्गला राहणाऱ्या मराठी मंडळींनी सप्टेंबरातला एखादा रविवार यासाठी जरूर राखून ठेवावा.

हा जॅम शिजवूनही करतात, पण माझं मत विचाराल तर आधी कच्चा करून बघा. त्याला तिथे 'रोरर्डा लिंगॉन' म्हणतात. अर्धा किलो फळं आणि पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम साखर एवढंच साहित्य. लिंबू, पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळांमधला पदार्थ), पाणी काहीही लागत नाही.

खरा वेळ जातो तो फळं निवडण्यात. एका फळीवर जाडसर टॉवेल पसरून ती जरा तिरकी धरा आणि वरून थोडी थोडी फळं सोडा. फळं घरंगळत खाली येतात. पानं आणि काड्या टॉवेलला चिकटून राहतात. पांढुरकी राहिलेली आणि मऊ पडलेली फळं काढून टाका. मग धुवा, चाळणीत निथळा आणि कापडावर पूर्ण कोरडी होऊ द्या.

आता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात फळं आणि साखर घालून लाकडी डावाने ढवळायला घ्या. अॅल्युमिनियमचं भांडं नको, फळ फार आंबट आहे. सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटतं: टणक फळं भांड्यावर टकटक आपटतात आणि साखर कोरडीच खरखरते. ठेचायचा मोह आवरा. हळूहळू काही फळं फुटतात, साखर गुलाबी होते, मग तळाशी लाल रस जमतो. झाकून ठेवा आणि जाता-येता ढवळत राहा. डाव तळाशी फिरवल्यावर खरखर लागेनाशी झाली की जॅम झाला. याला काही तास लागतात. रात्रभर ठेवलात तरी चालेल. निम्मी फळं अख्खी दिसली पाहिजेत, त्यातच याची मजा आहे. गोठवलेली फळं घेतलीत तर साल आधीच सैल झालेली असते, त्यामुळे रस लवकर सुटतो.

न शिजवता हे टिकतं कसं? लिंगॉनमध्ये अन्न टिकवणारं बेंझोइक आम्ल निसर्गतःच असतं. सरबताच्या बाटलीवर सोडियम बेंझोएट लिहिलेलं असतं ना, तो याच आम्लाचा क्षार. म्हणूनच पूर्वी स्वीडनमध्ये ही फळं साखरेशिवाय, नुसत्या पाण्यात बुडवूनही साठवत. तरी कच्च्या जॅममध्ये साखर कमी असते, तेव्हा उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या बरणीत भरून तो फ्रिजमध्येच ठेवा. चमचा कोरडा असेल तर काही आठवडे छान राहतो.

जास्त दिवसांसाठी शिजवायचा असेल तर एक किलो फळं शंभर मिली पाण्यात साधारण दहा मिनिटं उकळा, चारशे ते पाचशे ग्रॅम साखर घालून एक उकळी आणा, फेस काढा आणि गरम असतानाच गरम बरण्यांत भरा. पाक तारेवर येण्याची वाट पाहू नका. गरम असताना पातळच दिसतो. फळातल्या पेक्टिनमुळे गार झाल्यावर आळतो.

स्वीडनमध्ये हा जॅम पावापेक्षा जेवणाच्या ताटात जास्त दिसतो: मीटबॉल आणि बटाट्याशेजारी, किंवा 'रागमुंक'बरोबर. रागमुंक म्हणजे कच्चा बटाटा किसून, मैदा-दुधाच्या पिठात घालून लोण्यावर केलेली कुरकुरीत धिरडी. शाकाहाऱ्यांनी त्यांच्यापासूनच सुरुवात करावी, आणि जॅम वर न पसरता बाजूला वाढावा, म्हणजे धिरडी मऊ पडत नाहीत.