मँगनीज धातुकाचे मूळ शोधताना या चुका टाळा

मँगनीजचा स्थिर समस्थानिक एकच आहे, मँगनीज-55. त्यामुळे शिशासारखी समस्थानिकांची गुणोत्तरे काढून ‘हे मँगनीज आले कुठून?’ असे त्यालाच विचारता येत नाही. साक्ष घ्यावी लागते ती सोबतच्या मूलद्रव्यांची: लोह, कोबाल्ट, निकेल, जस्त, बेरियम, विरल मृदा मूलद्रव्ये (लॅन्थॅनम, सेरियम, युरोपियम वगैरे). बहुतेक चुका होतात त्या या साक्षीदारांची उलटतपासणी न केल्यामुळे.

पहिली चूक दळण्यात होते. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात नमुना दळला की त्यात टंगस्टनबरोबर कोबाल्टही मिसळते, कारण त्या भांड्याचे कण कोबाल्टनेच सांधलेले असतात. कोबाल्ट-जस्त गुणोत्तर उष्णजलीय, म्हणजे तप्त पाण्यातून बनलेल्या साठ्यांत साधारण 0.15, तर समुद्राच्या पाण्यातून सावकाश साचलेल्या थरांत 2.5 च्या आसपास धरतात. कोबाल्ट मुळात कमी असेल, तर भांड्याने घातलेली भर निष्कर्ष फिरवायला पुरते. अकीकाचा खल वापरा. नमुने आधीच दळून झाले असतील, तर त्याच भांड्यात शुद्ध क्वार्ट्झ दळून त्याचे पृथक्करण करा. भांड्याने किती भर घातली ते कळेल.

युरोपियमची चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती हवे तेच उत्तर देते. हॉलंडाइट, रोमानेशाइट या मँगनीज खनिजांत बेरियम भरपूर असते. आयसीपी-एमएस या, आयन वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रात बेरियम-135 आणि बेरियम-137 ऑक्सिजन-16 शी जुळले की वस्तुमान होते 151 आणि 153. युरोपियमचे दोन्ही समस्थानिक नेमके तिथेच मोजले जातात! आलेखावर युरोपियमचे टोक वर येते आणि आपण ‘अतितप्त द्रावणांचा पुरावा’ म्हणून खूश होतो. युरोपियमची विसंगती, म्हणजे मोजलेले प्रमाण भागिले शेजारच्या मूलद्रव्यांवरून अपेक्षित प्रमाण, बेरियमसमोर मांडून पाहा. दोन्ही एकत्र वाढत असतील, तर ऑक्साइडची दुरुस्ती केल्याशिवाय किंवा आयन-विनिमय स्तंभातून बेरियम वेगळे केल्याशिवाय तो आकडा वापरू नका.

सेरियमचा सापळा वेगळा. त्याची विसंगती बहुधा शेजारच्या लॅन्थॅनम आणि प्रॅसिओडिमियमवरून काढतात. समुद्राच्या पाण्यात लॅन्थॅनम स्वतःच जादा असते, म्हणून सेरियम कमी नसतानाही कमी भासते. प्रॅसिओडिमियमची विसंगती सेरियम आणि निओडिमियमवरून काढा. ती 1 पेक्षा स्पष्ट जास्त आली, तरच सेरियमची तूट खरी. प्राणवायू नसलेल्या प्राचीन समुद्राच्या पाण्यात तर ही तूट मुळातच नसे. त्यामुळे आजच्या सागरतळाचे निकष तिथे जसेच्या तसे लावू नका.

हेच बोनाटी आणि सहकाऱ्यांच्या 1972 च्या त्रिकोणी आलेखालाही लागू आहे. लोह, मँगनीज आणि कोबाल्ट-निकेल-तांबे यांच्या त्या त्रिकोणातली क्षेत्रे सागरतळावरच्या निक्षेपांवरून आखलेली आहेत. जमिनीवरचा साठा त्यानंतर बरेच काही सोसून आलेला असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या कालाहारी क्षेत्रात मामात्वान प्रकारचे धातुक मूळच्या गाळाच्या जवळचे आहे. वेसेल्स प्रकारचे मात्र नंतरच्या उष्णजलीय बदलांनी समृद्ध झाले. एकाच थरातल्या या दोन धातुकांची सरासरी काढून काय सिद्ध होणार? अपक्षयातही मँगनीज ऑक्साइड कोबाल्ट-निकेल ओढून घेतात. क्रिप्टोमेलेन या पोटॅशियमयुक्त मँगनीज ऑक्साइडचे पोटॅशियम-आर्गॉन वय बहुधा त्या अपक्षयाचे असते, साठा बनल्याचे नव्हे.

दोन गोष्टी थोडक्यात. विरल मृदा मूलद्रव्ये ॲल्युमिनियम, टायटॅनियमबरोबर वाढत असतील, तर तुम्ही मातीचा गाळ मोजत आहात. आणि मँगनीज कार्बोनेटमधला हलका कार्बन सेंद्रिय पदार्थ कुजल्याचे सांगतो, धातूचा स्रोत नव्हे.

म्हणून रसायनाआधी धातुकाचा घासून चकचकीत केलेला तुकडा परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. ब्राउनाइट या मँगनीज खनिजाच्या कणांना छेदत हॉलंडाइटची शीर गेलेली दिसली, तर दोन्हींची पूड बारीक ड्रिलने वेगवेगळी काढा. तसे जमत नसेल, तर तो तुकडा मूळ ठरवण्याच्या यादीतून वगळा आणि दुसरा उचला.