इस्त्रीने चिकटवायचं ॲप्लिक: सुरुवातीलाच या चुका टाळा

कापडाचा आकार कापायचा, मागच्या गोंदाच्या जाळीने तो तळाच्या कापडावर इस्त्रीने चिकटवायचा आणि कडेने टाका घालायचा, एवढंच फ्युजिबल ॲप्लिक. कडा दुमडत बसायला नको, टाचण्या टोचायला नकोत, म्हणून क्विल्टिंगला नव्याने लागलेले बरेचजण इथूनच सुरुवात करतात. मग पहिल्याच धुण्यात पानाचं टोक उचकटतं, किंवा बाळासाठी हौसेने केलेली दुपटी पुठ्ठ्यासारखी कडक होतात, आणि खापर इस्त्रीवर फुटतं. इस्त्रीचा दोष असतोही, पण कमी. जास्त वेळा गोंदाकडून भलतीच अपेक्षा ठेवलेली असते. या कामात गोंदाने फक्त टाचणीची जागा घ्यायची आहे. कापड जन्मभर धरून ठेवणं हे टाक्याचंच काम.

दुकानात नुसतं ‘फ्युजिंग’ मागणं

टेलरिंग मटेरियलच्या दुकानात ‘फ्युजिंग द्या’ म्हटलं की कॉलरला किंवा ब्लाउजच्या गळ्याला लावतात ते पेस्टिंग पुढ्यात येतं. त्याला एकाच बाजूला गोंद असतो. ते कापडाला ताठपणा देतं, पण दोन कापडं एकमेकांना जोडत नाही. आपल्याला हवी असते कागदावर पसरलेली गोंदाची पातळ जाळी: आधी एका कापडाला लागते, मग कागद सोलला की दुसऱ्याला. ‘कागदवाली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी’ असं सांगून मागा आणि घेण्याआधी कोपरा नखाने उचकून बघा. कागद वेगळा होऊन खाली चमकदार पापुद्रा दिसला, तर ती बरोबर. नाही मिळाली तर ऑनलाइन मागवावी लागते.

पुढचा घोळ त्याच नावाच्या दोन प्रकारांचा. ‘हीट-एन-बॉन्ड’ या ब्रँडच्या जाळीत ‘लाइट’ आणि ‘अल्ट्राहोल्ड’ असे प्रकार असतात. नवखा माणूस साहजिकच ‘जास्त पक्कं ते चांगलं’ म्हणून अल्ट्राहोल्ड उचलतो. पण ते न शिवता चिकटवायच्या वस्तूंसाठी आहे. त्यावर टाका घालायला गेलं की सुईला गोंद धरतो, टाके सुटतात, दोरा तुटतो. शिवायचं असेल तर लाइटच. ‘बॉन्डावेब’ हा दुसरा ब्रँडही शिवण्यासाठी चालतो, पण त्याची इस्त्रीची पद्धत वेगळी आहे, त्याबद्दल पुढे.

कोरं कापड तसंच वापरणं

नव्या सुती कापडाला खळ असते. ती गोंद आणि धागा यांच्यामध्ये येते, शिवाय कापड धुतल्यावर आटतं. तळ आटला आणि वरचा तुकडा आटला नाही की सुरकुत्या आल्याच. म्हणून दोन्ही कापडं आधी धुवा. कंफर्टसारखं काही शेवटच्या पाण्यात घालू नका, त्याचा थर राहतो आणि गोंद नीट धरत नाही. लाल किंवा निळं अजरख असेल तर पांढऱ्या तळावर ठेवण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का ते बघा.

जुन्या सुती साड्या इथे फार उपयोगी पडतात. पुष्कळ धुतल्यामुळे त्यांची खळ गेलेली असते आणि आटायचं तेवढं त्या आटलेल्या असतात. मात्र साडी विरविरीत झाली असेल तर गोंद आरपार येऊन वरच्या बाजूला ओला डाग पडल्यासारखा दिसतो. आधी एका चिंधीवर करून पाहा. खणाच्या कापडाचा मोह सगळ्यांना होतो, पण त्याचे दोरे सुटतात; त्याला कडेने दाट झिगझॅगच हवा.

नाव उलटं येणं

आकार जाळीच्या कागदावर काढायचा आणि ती कापडाच्या उलट बाजूला लावायची, त्यामुळे सुलट बाजूने सगळं आरशातल्यासारखं दिसतं. फुलाला फरक पडत नाही. पण बाळाच्या दुलईवर ‘ईशान’ लिहायचं असेल तर पडतो, आणि देवनागरीत तो जरा जास्तच पडतो. इंग्रजी अक्षरं सुटी कापतात, एखादं उलटं झालं तर तेवढंच पुन्हा करता येतं. आपलं नाव शिरोरेषेने जोडलेलं, म्हणजे अख्खं एकाच तुकड्यात. चुकलं की सगळं गेलं.

उपाय सोपा आहे. नाव साध्या कागदावर जाड मार्करने लिहा, कागद उलटा करून खिडकीच्या काचेला चिकटवा, वर जाळी धरा आणि मागून दिसतंय तसं गिरवा. अक्षराची रेघ दीड सेंटिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. ‘ई’चा वरचा रफार आणि ‘श’ची गाठ बारीक झाली की कापतानाच तुटतात, आणि तुटल्या नाहीत तर टाका घालायला जागा उरत नाही.

आधी कापणं, मग चिकटवणं

हा क्रम उलटा झाला की कापड आणि जाळी कडेला जुळत नाहीत, आणि नेमक्या कडेलाच गोंद नसतो. आकाराभोवती पाव इंच जागा सोडून कागद ढोबळ कापा, कापडाच्या उलट बाजूला इस्त्रीने लावा, गार होऊ द्या, मग नेमक्या रेषेवर कात्री चालवा. कडा स्वच्छ येते आणि दोरेही कमी सुटतात. एका तुकड्यावर दुसरा येणार असेल, समजा देठावर फूल, तर देठाला फुलाखाली जाईल असा पाव इंच जास्तीचा ठेवा. नुसती कडेला कड भिडवली तर धुतल्यावर मधून तळ डोकावतो.

मोठ्या आकारांसाठी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करा: कापडाला लावण्याआधी जाळीचा मधला भाग कापून काढा आणि कडेला अर्ध्या इंचाची चौकट तेवढी ठेवा. टाका कडेलाच पडणार, मधे गोंदाचं काय काम? दुलई मऊ राहते, हाताने टाके घालताना सुई अडत नाही, आणि निघालेल्या मधल्या तुकड्यात छोटी पानं बसतात.

इस्त्री: जास्त गरम, जास्त वेळ

चिकटत नाही म्हणून इस्त्री कॉटनवर नेऊन मिनिटभर दाबून ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. जास्त उष्णतेने गोंद वितळून कापडातच मुरतो आणि दोन कापडांच्या मधे काही उरत नाही. म्हणजे जितकं जास्त तापवाल तितकं कमी चिकटेल. हीट-एन-बॉन्ड लाइटला इस्त्री सिल्कच्या खुणेवर, वाफ बंद. कागदाच्या बाजूने सुमारे 2 सेकंद, आणि तळावर चिकटवताना प्रत्येक जागी सुमारे 6 सेकंद. बॉन्डावेबला मात्र शेवटच्या पायरीत वर ओलं फडकं ठेवून दाबावं लागतं. एकाची रीत दुसऱ्याला लावू नका. पाकिटावरच्या सूचना फेकून देऊ नका.

इस्त्री कपड्यांवर फिरवतो तशी फिरवायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. फिरवली की तुकडा सरकतो.

कागद गरम असताना सोलला तर गोंदही त्याच्याबरोबर येतो. गार झाल्यावर मधोमध टाचणीने हलका ओरखडा काढा आणि तिथून फाडत बाहेर या. कडेला नखं लावली की दोरे सुटतात.

इस्त्रीखाली बटर पेपर ठेवा असं सगळे सांगतात, पण स्टेशनरीच्या दुकानात ट्रेसिंग पेपरलाही बटर पेपरच म्हणतात आणि गोंद त्याला चिकटून बसतो. बेकिंगसाठीचा, न चिकटणारा कागद हवा. त्याचा आणखी एक फायदा: फूल, देठ, पानं त्याच्यावरच एकत्र जुळवून हलकी दाबायची, गार झाल्यावर अख्खं चित्र अलगद उचलायचं आणि मग तळावर ठेवायचं. इस्त्रीला गोंद लागलाच तर ती गरम असतानाच जुन्या सुती फडक्यावर घासून काढा. सुरीने खरवडू नका.

टाका न घालणं, किंवा चुकीचा घालणं

‘इतकं घट्ट बसलंय, शिवायची काय गरज?’ भिंतीवर टांगायचं असेल तर नाही. अंगावर घ्यायचं आणि धुवायचं असेल तर आहे.

झिगझॅग नसलेलं काळं मशीन घरात असेल तर काही बिघडत नाही. कडेपासून 3 मिलिमीटर आत सरळ टीप मारा. कड थोडी फुलारेल, पण ते साध्या कामाला शोभतंही. हाताने करणार असाल तर दोन पदरी रेशमाने ब्लँकेट टाका, तोही मधला गोंद काढलेला असेल तरच सुखाचा.

मशीनला बहुधा 16 नंबरची सुई असते. ती जाड आहे, भोकं पाडते. 11 किंवा 12 नंबरची लावा. टाके सुटायला लागले तर आधी सुई बघा. गोंद धरला असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. झिगझॅगखाली कापड गोळा होत असेल तर खाली पातळ कोरा कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. खालचा दोरा वर दिसत असेल तर वरचं टेन्शन थोडं सैल करा.

वळणावर कोन पडणं हे नवख्या कामाचं हमखास लक्षण. बाहेरच्या गोलाईवर सुई आकाराच्या बाहेर, तळाच्या कापडात खाली असताना थांबा, दाबपाय उचला आणि कापड जरासं वळवा. आतल्या वळणावर उलट, सुई आकाराच्या आत हवी. चुकीच्या बाजूला वळवलं की टाक्यांमध्ये पाचरीएवढी फट राहते.

धुतल्यावर टोक सुटलं तर

गार पाण्यात धुतलेलं कापड पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने पुन्हा दाबा. जाळी मुळात कमी तापली असेल तर एवढ्याने बसते. नाही बसली, तर गोंद कापडात मुरून गेलेला आहे. तिथे नवी जाळी सरकवत बसू नका, जुळत्या दोऱ्याने दोन टाके घाला.

उरलेली जाळी घडी न करता गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, उन्हापासून लांब ठेवा. तरीही गोंद कागदापासून सुटला तर टाकून देऊ नका. सुटा पापुद्रा कापडाच्या उलट बाजूला पसरा, वर तोच कागद ठेवा आणि नेहमीसारखी इस्त्री करा.