परम्युटेशन चाचणीत संगणकाचे तास वाचवण्यासाठी

एफएसएल या मेंदू-प्रतिमा विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधील ‘रँडमाइज’ ही परम्युटेशन चाचणीची (माहितीची पुन्हापुन्हा अदलाबदल करून निकाल योगायोगाचा आहे का ते पाहण्याची) आज्ञा संपूर्ण मेंदूच्या प्रतिमांवर 5000 परम्युटेशनसह चालवल्यास अनेकदा कित्येक तास जातात, आणि डिझाइन मॅट्रिक्समधली (कोणता स्कॅन कोणत्या गटाचा हे सांगणाऱ्या तक्त्यातली) चूक नेमकी शेवटी ध्यानात येते.

1. पहिली फेरी 500 परम्युटेशनचीच घ्यावी. कॉन्ट्रास्टची (तपासायच्या तुलनेची) दिशा, मास्क (मेंदूचा तपासायचा भाग) आणि व्यक्तींचा क्रम तपासण्यास तेवढी पुरते. निकालाच्या ‘कॉर्पी’ फाइलमध्ये 1 वजा पी-मूल्य (निव्वळ योगायोगाने असा निकाल मिळण्याची शक्यता) असते, म्हणून 0.95 च्या वरचे व्हॉक्सेल (प्रतिमेचे त्रिमितीय ठिपके) पाहावेत.

2. एकाच गटाची सरासरी तपासताना व्यक्तींच्या आकड्यांची अधिक-वजा चिन्हे उलटवण्याचे प्रकार (इथे परम्युटेशन म्हणजे हेच) आधी मोजावेत. 12 व्यक्तींसाठी ते 4096 च असतात, त्यामुळे 5000 मागण्यात अर्थ नाही.

3. त्यानंतरच 5000 किंवा 10,000 ची अंतिम फेरी लावावी. 0.05 या पी-मूल्याभोवतीची अनिश्चितता 500 परम्युटेशनला सुमारे ±0.02 असते, तर 5000 ला ±0.006 पर्यंत उतरते. सीमेवरचा निष्कर्ष पहिल्या फेरीवरून लिहिणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते.

सावधगिरी: एकाच व्यक्तीचे दोन किंवा अधिक स्कॅन असतील, तर अदलाबदलीचे गट सांगणारी फाइल दिल्याशिवाय ही चाचणी ग्राह्य ठरत नाही, मग परम्युटेशन कितीही असोत.